सरांची नवी विद्यार्थिनी

सरांनी काकूंवर काठी उगारली, त्या दुपारपासून काकूंचं पियानो शिकणं सुरू झालं. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या घरात तोवर सरळ म्हणावं असं फारसं काही उरलंच नव्हतं.

सर म्हणजे पियानोचे सर. गल्लीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. उभा जन्म त्यांनी पुढच्या खोलीत मुलांना पियानो शिकवला. मागच्या खोलीत त्यांच्या बायकोचं पायमशीन होतं. शिकायला येणारी मुलं तिला काकू म्हणायची, म्हणून पुढे सगळेच काकू म्हणायला लागले. बाही आखूड कर, पँटची लांबी सोड, चेन बदल, अशी कामं काकू करायच्या. घर निम्म्याहून जास्त त्या मशीनवर चालायचं, पण मान पियानोचा. क्लास सुरू झाला की मशीन बंद, सरांना खडखड खपायची नाही. मग काकू बटणं आणि हातशिलाई घेऊन बसायच्या. भिंतीपलीकडून सरांचा आवाज यायचा, "मनगट सैल सोडा. खांदे खाली. घाई कुणाला आहे?" किती मुलं आली नि गेली, पण त्या आवाजातला गोडवा काही कमी झाला नाही. घरात मात्र सरांचा आवाज वेगळा असायचा. चहा झाला का, टॉवेल कुठाय, माझा चष्मा कुणी हलवला, एवढ्यापुरताच.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी काकूंनी एकदा विचारलं होतं, "अहो, मला शिकवाल का?" सर हसले होते. वाईट मनानं नव्हते हसले. लहान मुलानं गाडी चालवू का विचारलं की मोठी माणसं हसतात, तसं. "तुला कान नाही गं," म्हणाले होते, "तुझं आपलं मशीन बरं." काकूंनी विषय सोडून दिला. विषयानं मात्र काकूंना सोडलं नाही.

सर विसरायला लागले तेव्हा आधी विद्यार्थ्यांची नावं गेली. मग वार गेले, मग घराकडे यायचं वळण गेलं. एकेक विद्यार्थी गळाला. मुलांच्या आया येऊन सांगायच्या, परीक्षा आहेत, वेळच मिळत नाही हो. काकू सगळं समजून "हो, हो" म्हणायच्या. पुढे भिंतीवरच्या फोटोतला स्वतःचा मुलगा सरांना ओळखू येईना. सगळ्यात शेवटी काकू गेल्या. एकदम नाही. कधी सकाळी उठल्यावर "अगं, चहा" असं ठणकावून म्हणायचे, आणि त्या दिवशी काकूंचा पाय जमिनीवर ठरायचा नाही. पण हळूहळू ते "अगं" येईनासं झालं. एखाद्या बसस्टॉपवर उभ्या असलेल्या बाईकडे बघावं तसे सर त्यांच्याकडे बघायला लागले.

त्या दुपारी काकू पियानोवरची धूळ पुसत होत्या. सर झोपेतून उठून दारात आले आणि त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

"कोण तुम्ही? आत कशा आलात?"

"अहो, मी..."

"माझ्या पियानोला हात लावायचा नाही. घरात माणसं आहेत माझी. हाक मारीन."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. हाक मारल्यावर धावून येईल असं माणूस त्या घरात एकच होतं, आणि ते समोर मार खायच्या बेतात उभं होतं. काय सुचलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, "शिकायला आलेय, सर."

काठी खाली आली. सरांनी कॉलर सरळ केली, केसांवरून हात फिरवला.

"मग उशीर का केलात?" ते म्हणाले. "बसा. स्टूल जरा पुढे घ्या. घाबरू नका, पहिल्या दिवशी सगळेच घाबरतात."

भिंतीपलीकडचा तो आवाज जन्मात पहिल्यांदा काकूंशी बोलत होता. त्या बसल्या. 

दुसऱ्या दिवसापासून रीतच पडली. सर उठायच्या सुमाराला काकू बाहेर जायचे कपडे घालायच्या, खांद्याला पर्स लावायच्या, मागच्या दारानं निघून घराला वळसा घालायच्या आणि पुढच्या दाराची बेल वाजवायच्या. समोरची शेजारीण गॅलरीतून हे बघायची. एकदा तिला राहवलं नाही.

"काकू, स्वतःच्याच घरची बेल वाजवता?"

"चालते का बघते," काकू म्हणाल्या.

सर दार उघडायचे, रोज नव्यानं. "या. पियानो शिकायचाय ना? आधी कुठे शिकलात?"

काकू नाही म्हणायच्या आणि मग पहिला धडा सुरू व्हायचा. कागदावर वर पाच रेघा, खाली पाच रेघा, आणि दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत स्वतःची चिमुकली रेघ घेऊन बसलेला सूर, मिडल सी. पियानोवरही तो जवळजवळ मधोमधच. मग बोटांचे नंबर, अंगठा एक, करंगळी पाच. काकूंच्या पालथ्या हातावर सर एक खोडरबर ठेवायचे. वाजवताना ते पडता कामा नये. ठेवताना सरांची बोटं त्यांच्या हाताला लागायची. यांनी आपला हात शेवटचा हातात घेतला तो कधी, हे काकूंना काही केल्या आठवेना.

अडचण एकच होती. दुसऱ्या दिवशी सर सगळं विसरलेले असायचे, म्हणजे पुन्हा पहिला धडा. तोच मिडल सी, तेच खोडरबर, पहिल्या दिवशी सगळेच घाबरतात. कितीतरी दिवस काकू त्या एका सुरावर बसून राहिल्या. मग त्यांनी डोकं चालवलं. आधी कुठे शिकलात म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "शिकलेय थोडं. एक सर होते."

"बघू, वाजवून दाखवा."

काकूंनी येत होतं तेवढं वाजवलं. सरांनी मान डोलावली. "मनगट छान बसवलंय तुमच्या सरांनी. आता कुठे असतात?"

"असतात इथेच," काकू म्हणाल्या. "पण आताशा भेट होत नाही."

तिथून गाडी पुढे सरकली. कालपर्यंतचं सगळं काकू भराभर वाजवून दाखवायच्या आणि सर पुढचं शिकवायचे. सराव करायचा तर सर झोपलेले असतानाच, पण तेव्हा पियानो उघडायची सोय नव्हती. आवाजानं जागे झाले की पुन्हा काठी. म्हणून काकू मागच्या खोलीत मशीनपुढे बसायच्या, नोटेशनचा कागद कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून उभा करायच्या आणि मशीनच्या फळीवर बोटं चालवायच्या. पोकळ गोळा म्हणजे काज, तिथे थांबायचं. भरीव गोळा म्हणजे बटण, ते लावून पुढे व्हायचं. पेडलसाठी मशीनची खालची लोखंडी जाळी होतीच. आवाज कसलाच नाही. पण होता होता असं झालं की कागदाकडे बघितलं की काकूंच्या डोक्यात आपोआप वाजू लागायचं. कान नसलेल्या बाईला मुक्या फळीतून सूर ऐकू यायला लागले. हे कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांचा जीव तळमळायचा, आणि सांगायचं माणूस जगात एकच होतं.

सरांची एक आवडती रचना होती, संथ, दोन पानांची. चांगले होते तेव्हा रोज संध्याकाळी ती वाजवल्याशिवाय ते जेवायला बसायचे नाहीत. काकूंच्या मनानं घेतलं की ती आपण पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवायची, आणि वाजवताना सरांनी आपल्याला ओळखायचं. विद्यार्थिनी म्हणून नाही, बायको म्हणून. "अगं, तू?" एवढं म्हणाले तरी पुरे. मग खुशाल विसरले तरी चालतील.

पण विद्यार्थिनी होण्यातही सुख होतं, हे त्यांना नाकारता यायचं नाही. तिला "तुम्ही" होतं, "छान" होतं, चुकल्यावर "असू दे" होतं. संसारात ही चैन काकूंच्या वाट्याला आली नव्हती. रोज घराला वळसा घालून त्या चैनीला जाताना त्यांना लाजही वाटायची आणि पावलं भराभरही पडायची. त्या विद्यार्थिनीचा त्यांना हेवा वाटायचा, म्हणजे आपलाच.

एकदा त्या चुकल्या. त्या रचनेच्या दुसऱ्या पानावर एक काळी पट्टी सापडेना आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, ही कुठली?"

सरांचा हात थबकला.

"हे बघा," ते म्हणाले, "मला सगळे सर म्हणतात. 'अहो' आमच्या घरातली म्हणते. तुम्ही म्हणू नका, बरं दिसत नाही."

"चुकलं, सर," काकू म्हणाल्या. मग धीर करून त्यांनी विचारलं, "त्यांना येतं का वाजवता?"

"छे हो. कानच नाही. एकदा विचारलं होतं तिनं, मला शिकवाल का म्हणून. मी हसलो. परत काही विचारलं नाही, म्हणजे हौस नव्हतीच." सरांनी घसरलेलं खोडरबर उचलून पुन्हा काकूंच्या हातावर नीट ठेवलं. "हौस असलेलं माणूस मागे लागतं. तुमच्यासारखं. चला, त्या ओळीपासून."

काकूंनी त्या ओळीपासून वाजवलं. खोडरबर पडलं नाही. संतापानं हात नुसता ताठ झाला होता, म्हणून पडलं नाही. मनगट सैल सोडा, सर म्हणाले.

मग तो रविवार आला. काकू दूध तापत ठेवून कोपऱ्यावरून दोऱ्याची रिळं आणायला गेल्या. सर झोपले होते आणि दुकान पलीकडेच होतं. परत येतात तर पुढच्या दाराला आतून कडी, मागच्यालाही. काकूंनी बेल वाजवली.

"कोण आहे?" सर आतून म्हणाले.

"शिकायला आलेय, सर."

"रविवारी क्लास नसतो. उद्या या."

काकूंनी परत बेल वाजवली. विनवण्या केल्या. अहो म्हणून पाहिलं, सर म्हणून पाहिलं, मुलाचं नाव घेऊन पाहिलं. आत दूध उतू जाऊन करपल्याचा वास यायला लागला, मग शेगडी विझून नुसता गॅसचा. सर दाराशी उभे राहून समजावत होते, "बाई, हट्ट करू नका. एक दिवस तरी माणसाला विश्रांती हवी." जन्मभर त्यांनी रविवारी शिकवलं नव्हतं आणि तेवढं मात्र ते विसरले नव्हते. शेवटी शेजारणीच्या नवऱ्यानं खिडकीची काच फोडली, आत हात घालून खिडकीची कडी काढली आणि उडी मारून गॅस बंद केला. सर काचांत अनवाणी उभे होते. तळपायाला लागलं होतं, ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

शेजारणीनं मुलाला फोन केला. तो दुसऱ्या गावी नोकरीला होता. तो आला, बापाच्या पायाची पट्टी बघितली, फुटलेली खिडकी बघितली आणि मागच्या खोलीत आईसमोर बसला.

"आई, आता हे तुझ्या हाताबाहेर गेलंय. मी एका संस्थेत बोललोय. डॉक्टर असतात, रात्रंदिवस माणसं असतात."

"पियानो आहे का तिथे?"

"टीव्ही आहे."

"थोडे दिवस थांब," काकू म्हणाल्या. "माझं दुसरं पान व्हायचंय."

कसलं पान, मुलानं विचारलं. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, वळसा, बेल, खोडरबर, फळी. ऐकून झाल्यावर त्याला वाटलं, आता हिलाही डॉक्टरला दाखवायला हवं. तसं तो बोलला नाही. चांगला मुलगा होता. फक्त शनिवारी गाडी घेऊन येतो म्हणाला.

त्या शनिवारपर्यंत काकू मशीनच्या फळीवरून उठल्या नाहीत. लोकांचे कपडे तसेच पडून राहिले. एका बाईनं तिचा अर्धा उसवलेला ब्लाउज परत नेला आणि जाताना दोन शब्द ऐकवून गेली. काकूंनी कानाडोळा केला.

शनिवारी सकाळी मुलगा आला. सरांचे कपडे बॅगेत भरून झाले होते. "मला थोडा वेळ दे," काकू म्हणाल्या, आणि मुलगा मागच्या खोलीत जाऊन बसला. सर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. या वेळी काकूंनी वळसा घातला नाही. पर्स घेतली नाही, बेल वाजवली नाही. घरातल्या कपड्यांत, गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून त्या मागच्या खोलीतून पुढे आल्या आणि पियानोपाशी बसल्या. काठी कोपऱ्यात होती, ती त्यांनी बघितली होती. पडली डोक्यात तर पडू दे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

त्यांनी सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी ओळ. डावा हात एकदा अडखळला, पण थांबला नाही. मागून काठी आली नाही, कुणी कोण तुम्ही म्हणालं नाही. पहिलं पान संपलं आणि ते त्यांनी स्वतःच उलटलं. त्या दिवशीची ती काळी पट्टी न बघता सापडली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, कागदावरचे गोळे एकमेकांत मिसळले, तरी बोटं चालत राहिली. तेवढी फळी त्यांनी घासली होती. शेवटची ओळ उरली.

"अगं," सर म्हणाले.

काकूंचा हात पट्ट्यांवरच राहिला. त्यांनी वळून बघितलं. सर त्यांच्याकडेच बघत होते, आणि ती नजर अनोळखी नव्हती. ते खरोखर काकूंकडे बघत होते.

"काय गं हे? ऊठ तिथून. कुणी बघितलं तर काय म्हणेल?" तो आवाजही जुनाच होता, चहा-टॉवेलचा. "माझी विद्यार्थिनी यायची वेळ झालीय. आणि मशीन बंद ठेव जरा, तिला त्रास होतो."

"अहो," काकू म्हणाल्या, "मी वाजवत होते."

"हो, हो. ऊठ आता."

काकू उठल्या. मागच्या खोलीत आल्या. मशीन बंदच होतं, तरी त्यांनी त्याच्यावर झाकण घातलं. मुलगा उठून उभा राहिला.

"ओळखलं का गं बाबांनी?"

"ओळखलं," काकू म्हणाल्या.

मग निघायची वेळ झाली आणि सर निघेनात. मुलानं आधी गोडीत सांगितलं, मग दंडाला धरलं. सरांनी पियानोची कड दोन्ही हातांनी घट्ट पकडली.

"मी कुठेही येणार नाही. माझी विद्यार्थिनी यायचीय. तिला न सांगता कसा जाऊ? मोठ्या वयात शिकतेय बिचारी, हुशार आहे. आली नि दार बंद दिसलं तर पुन्हा यायची नाही."

मुलानं हात सोडवायला बघितले तेव्हा सरांनी त्याच्या मनगटाला चावा घेतला. मुलगा मागे सरला आणि त्यानं लहानपणी बघायचा तसं आईकडे बघितलं. ते दुखत होतं म्हणून नाही. आता काय करायचं हे त्याला खरंच कळत नव्हतं.

काकूंना कळत होतं. कळलं नसतं तर बरं, असं त्यांना वाटलं, पण कळत होतं. त्यांनी गळ्यातली टेप काढली. बाहेर जायचे कपडे घातले, केस नीट केले, खांद्याला पर्स लावली आणि मागच्या दारानं निघाल्या. शेजारीण गॅलरीत होती. आज तिनं काही विचारलं नाही. काकूंनी घराला वळसा घातला आणि बेल वाजवली.

सरांनी पियानो सोडला, कॉलर सरळ केली आणि मुलाला बाजूला सारून स्वतः दार उघडलं.

"या, या. मला वाटलं येत नाही आज."

"सर," काकू म्हणाल्या, "आज क्लास दुसरीकडे आहे. गाडी आणलीय."

"दुसरीकडे? तिथे पियानो आहे ना?"

"आहे," काकू म्हणाल्या.

सरांनी नोटेशनची पिशवी घेतली, खोडरबर खिशात टाकलं आणि कुणाचाही हात न धरता पायऱ्या उतरले. गाडीचं दार त्यांनी विद्यार्थिनीसाठी उघडून धरलं. मुलानं बॅग मागे ठेवली आणि गाडी सुरू केली.

गल्ली मागे पडली. सर खुशीत होते. थोड्या वेळानं ते काकूंकडे झुकले आणि घरातली गोष्ट बाहेर सांगताना माणूस बोलतो तशा हळू आवाजात म्हणाले, "आज गंमतच झाली. आमच्या घरातली पियानोवर बसली होती."

काकूंनी पर्सचा पट्टा धरून ठेवला. पुढे बसलेला मुलगा आरशातून बघत होता.

"कसं वाजवलं त्यांनी?" त्यांनी विचारलं.

सरांनी जरा विचार केला. आठवायचा प्रयत्न ते मनापासून करत होते.

"माझं लक्ष नव्हतं हो," ते म्हणाले. "मी तुमची वाट बघत होतो."